रूळ टाकले, सांधे राहिले

डोंबिवलीहून ऐरोलीला कामाला जाणाऱ्या माणसाचा निम्मा त्रास गाडीत नसतो, ठाण्याच्या पुलावर असतो. सकाळची जलद लोकल त्याला ५-६ च्या फलाटावर सोडते. नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या सुटतात ९, १० आणि १०-अ वरून. मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट. म्हणजे जिना चढायचा, पुलावर गर्दीच्या कलाने सरकायचे, पुन्हा उतरायचे. आणि नकाशा उघडून पाहिला तर ही सगळी यातायात उलट दिशेची. गाडीने कळवा मागे टाकला, खाडी ओलांडून ठाणे गाठले. आता दुसरी गाडी तीच खाडी ओलांडून त्याला विटाव्याच्या अंगाने दिघ्याकडे परत नेणार.

रेल्वेत ‘सांधा’ म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवण्याची जागा. मुंबई महानगर प्रदेशात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रूळ पुष्कळ पडले. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, पुढे बेलापूर, मग पनवेल. २००४ मध्ये ठाणे आणि नवी मुंबई ट्रान्स-हार्बरने जोडली गेली. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत गाडी जाते. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. प्रत्येक मार्गाचे उद्घाटन झाले, किलोमीटर मोजले गेले. पण एक मार्ग दुसऱ्याला जिथे भेटतो ती जागा कोणाच्याच हिशेबात धरली गेली नाही. यापुढे या भागात नवा मार्ग आखण्याआधी आहेत त्या मार्गांचे सांधे नीट करायला हवेत आणि पैसाही आधी तिथे लागायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

पुलाचे गणित साधे आहे. मीटरभर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला फार तर ४० ते ५० माणसे चढतात, तीही सगळी एकाच दिशेने चालली तर. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-साडेचार हजार माणसे असतात. त्यातली हजार ठाण्याला उतरली आणि त्यांच्या वाट्याला प्रत्येकी अडीच मीटरचे तीन जिने आले असे धरू. मिळून साडेसात मीटर, मिनिटाला तीनशे माणसे. म्हणजे फलाट रिकामा व्हायला सव्वातीन मिनिटे लागणार. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. त्यात समोरून उतरणारे आले, कोणी छत्री उघडायला थांबले, सरकता जिना बंद पडला, की पहिला लोंढा जिन्यावर असतानाच दुसरा फलाटावर उतरतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर, भर पावसात, हेच झाले आणि वीसहून अधिक माणसे चेंगरून मेली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे मध्य आणि पश्चिम रेल्वे, यांच्यात गाडी बदलणाऱ्यांच्या वाटेवरचा तो पूल. गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, माणसे कित्येक पटींनी वाढली आणि जिना होता तेवढाच राहिला.

ठाण्यात २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे वाहतूक रोखून, ५-६ चा फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. रूळ सरकवले, काँक्रीटचे तयार पोकळ ठोकळे बसवले, ठरल्या वेळेत गाड्या सुरू केल्या. काम चोख झाले आणि उभे राहायला जागा मिळाली. पण फलाट रुंद झाला म्हणून पुलावर जाणारा एकही माणूस कमी झाला नाही. ज्यांना ठाण्यात कामच नाही त्यांना ठाण्यात उतरावे लागू नये, हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो कागदावर मंजूर आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) या प्रकल्पसंचात ऐरोली–कळवा उन्नत मार्ग आहे. कल्याणकडून येणारी गाडी ठाण्याला न जाता कळव्यावरून थेट नवी मुंबईकडे वळावी, हा त्याचा हेतू. त्याचा पहिला भाग म्हणजे दिघा गाव स्थानक. ते २०२४ च्या जानेवारीत प्रवाशांसाठी उघडले. दुसरा भाग, म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती कळव्याची जोडणी, मार्गावरच्या वस्तीच्या पुनर्वसनापाशी अडला. त्याच संचातला पनवेल–कर्जत मार्ग २९.६ किलोमीटरचा, त्यासाठी वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा डोंगर फोडून काढला. डोंगर फोडता येतो आणि काही शेकडो कुटुंबांना घरे देता येत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना २२५ चौरस फुटांची घरे देऊन हलवले गेले होते, त्यामुळे पद्धत माहीत नाही असेही म्हणता येत नाही. तेव्हा चुकले ते अंतर. घर मिळाले, पण काम, शाळा, दवाखाना सगळे दूर राहिले. मग काही जण घर भाड्याने देऊन पुन्हा रुळाजवळ आले. कळव्यात ही चूक टाळायची तर घरे कळवा, विटावा, दिघा याच पट्ट्यात द्यावी लागतील. त्यासाठी जागा राज्य सरकार आणि दोन महापालिकांनाच काढून द्यावी लागेल. रेल्वेकडे ती नाही.

रूळ जोडला तरी गाड्या आणायच्या कुठून, हा पुढचा प्रश्न अधिकारी विचारतात. रास्त आहे. कल्याण–ठाणे धीम्या मार्गावर तासाला सोळा-सतरा गाड्या धावल्या की आणखी एकीला वाट काढणे अवघड होते. त्यातल्या चार गाड्या वाशी-पनवेलकडे वळवल्या तर मुंबईत सीएसएमटीकडे जाणारे ओरडतील, आणि चुकीचे ओरडणार नाहीत. पण हिशेब पुरा मांडून पाहू. तासाला सोळा बारा-डबा गाड्या म्हणजे १९२ डबे. त्यातल्या बारा गाड्या पंधरा डब्यांच्या करून सीएसएमटीकडेच ठेवल्या तर १८० डबे होतात. मुंबईकडचे बाराच डबे घटले आणि नवी मुंबईकडे चार गाड्यांचे ४८ डबे नवे मिळाले. शिवाय आज मुंबईच्या गाडीत रेटारेटी करून केवळ ठाण्यापर्यंत येणारा नवी मुंबईचा प्रवासी त्या गाडीतून कमी झाला. मुलुंड-भांडुपवाल्यांचेही नुकसान नाही, कारण वळवलेल्या गाडीची ठाण्यापुढची जागा रिकामी होते आणि तिथे ठाण्याहूनच सुटणारी लोकल सोडता येते.

यासाठी लागणारे काम कोणते तेही सांगतो. पंधरा डब्यांसाठी धीम्या मार्गावरचा प्रत्येक फलाट साठ-पासष्ट मीटरने वाढवावा लागतो आणि फलाट वाढला की सिग्नलचा खांब आणि जवळचा सांधाही सरकवावा लागतो. कल्याण–वाशी थेट गाडीला पन्नास मिनिटे धरली, दोन्ही टोकांना वळायला दहा-दहा मिनिटे दिली, तर फेरी दोन तासांची. दर पंधरा मिनिटांनी गाडी हवी म्हणजे आठ रेक (डब्यांचे पूर्ण संच), देखभालीसाठी एक वेगळा. कळव्याला नवे रूळ धीम्या मार्गात मिसळतील तिथे मात्र काटकसर चालणार नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा मार्ग कापून वळायची वेळ आली तर प्रत्येक वळणाला दोन-तीन मिनिटे दुसरी गाडी खोळंबते. कल्याणला कसारा आणि कर्जतचे फाटे आणि मेल गाड्या एकमेकींचा मार्ग कापतात म्हणून किती गाड्या रखडतात, हे बदलापूर-टिटवाळ्याचे प्रवासी रोज भोगतात. कळव्याला जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वाटा वरून किंवा खालून सुट्या हव्यात.

थेट गाड्यांचा एक दोषही मान्य करायला हवा. दोन मार्ग जोडले की एकाचा उशीर दुसऱ्यावर चढतो. आज मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ओव्हरहेड वायर तुटली तरी ठाणे–वाशी गाड्या सुरळीत चालतात. उद्या कल्याणची रखडलेली गाडी रबाळ्याला उशिरा पोचेल आणि तिच्यामागची पनवेल लोकल थांबेल. जिथे अशी जोडणी मुरली आहे तिथे यावर एक रिवाज आहे: उशीर ठरावीक मिनिटांपलीकडे गेला की थेट गाडी सांध्यापाशीच तोडायची आणि पलीकडच्या बाजूला राखीव रेक लावून वेळापत्रक सांभाळायचे. टोकियोत १९६० पासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकमेकींच्या रुळांवर धावतात, तिथे हेच करतात. आपल्याकडे तर कंपन्याही वेगळ्या नाहीत. मुख्य मार्ग, हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि उरण हे चारही मध्य रेल्वेचेच. रूळ सगळीकडे १,६७६ मिलिमीटरचे आणि २०१६ मध्ये हार्बरवरचा जुना १,५०० व्होल्टचा पुरवठा बंद झाल्यापासून वीजही सगळीकडे २५,००० व्होल्टची. तांत्रिक अडसर उरलेला नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी धावत्या लोकलमधून पडले आणि काहींचा जीव गेला. त्यानंतर चर्चा झाली ती दरवाज्यांची. दरवाजे बंद व्हायलाच हवेत. पण त्या दारात माणूस का उभा असतो, याचे उत्तर दरवाज्यात नाही. दिवा, मुंब्रा, कळवा इथून ऐरोली-वाशीला जायचे तर आधी मुंबईकडच्या तुडुंब गाडीत शिरण्यावाचून रेल्वेने दुसरी वाट ठेवलेली नाही.

मेट्रोचा प्रश्न वेगळा आहे. तिचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, त्यामुळे लोकल मेट्रोच्या मार्गावर किंवा मेट्रो लोकलच्या मार्गावर कधीच धावणार नाही. तिथे सांधा असतो तो स्थानकाचा, माणसाने पायी ओलांडायचा. म्हणूनच मेट्रो ४ ची आखणी बोचते. वडाळ्याहून निघून मुलुंड, तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी करत ती कासारवडवलीला जाते. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी जिथे आली त्या ठाणे स्थानकाला ती शिवतही नाही. घोडबंदर रोडच्या माणसाला लोकल पकडायची तर मेट्रोतून उतरून पुन्हा रिक्षा किंवा बस. शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटे गेली की मेट्रोने वाचवलेला वेळ तिथेच संपला.

ही चूक भरून काढण्याची संधी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोत आहे. २९ किलोमीटर, २२ स्थानके, सुमारे १२,२०० कोटी रुपये. त्यातली दोन स्थानके भुयारी, एक ठाणे स्थानकापाशी आणि एक मनोरुग्णालयाच्या जागेवर होऊ घातलेल्या नव्या रेल्वे स्थानकापाशी. पण ‘पाशी’ म्हणजे किती दूर, हे आत्ता नकाशे होत असतानाच ठरवून घ्यायला हवे. मेट्रोचे भुयारी दालन आणि रेल्वेचा पूल यांतले चालणे दोनशे मीटरच्या आत हवे, मध्ये रस्ता ओलांडायला लागू नये, आणि दोन्हींची तिकीट-दारे शेजारी-शेजारी हवीत.

आणि मेट्रोतून येणारा लोंढा रेल्वेच्या जुन्या जिन्यावर सोडून मोकळे होता येणार नाही. घाटकोपरला जून २०१४ मध्ये मेट्रो १ आली, तेव्हा नेमके हे झाले. मेट्रोचे स्थानक नवेकोरे, ऐसपैस. रेल्वेचे फलाट आणि पूल होते तसेच. संध्याकाळी मेट्रो दर चार-पाच मिनिटांनी माणसे आणून ओतते आणि ती एका चिंचोळ्या तोंडाशी तुंबतात. पुढे तिथे नवे पूल आणि वरचे मजले बांधायची कामे काढावी लागली, आणि चालत्या स्थानकात खांब उभा करायचा म्हणजे रोज रात्रीचे दोन-तीन तासच हाती. ठाण्यात मेट्रोच्या अंदाजपत्रकातच रेल्वेच्या बाजूचे जिने, पूल आणि लिफ्ट धरल्या पाहिजेत. नाहीतर मेट्रोवाले म्हणतील ती जागा रेल्वेची, रेल्वेवाले म्हणतील गर्दी मेट्रोची.

कल्याण–तळोजा मेट्रो १२ आणि नवी मुंबईची मेट्रो तळोजा परिसरात एकमेकींना मिळायच्या आहेत. एक एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाची, दुसरी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची. रूळ दोन्हीकडे सारख्याच मापाचे. डब्याची रुंदी, फलाटाची उंची आणि सिग्नलची पद्धत जुळवली तर कल्याण पूर्वेत बसलेला माणूस न उतरता बेलापूरला जाईल. ते शक्य नसेल तर निदान एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन गाड्या उभ्या राहाव्यात. खांब उभे राहण्याआधी हे ठरले तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर ठरवायचे तर पाडकाम करावे लागते.

उरण मार्गाचा सांधा निखळला आहे तो वेळापत्रकात. मार्ग पूर्ण झाला तेव्हा त्यावर दिवसाला ४० फेऱ्या होत्या, म्हणजे एका दिशेला वीस, साधारण तासाला एक. ट्रान्स-हार्बरवर त्याच वेळी २६२. ठाण्याहून नेरुळला येणारी गाडी तीन मिनिटे उशिरा आली आणि उरणची गाडी वेळेवर सुटली, की प्रवाशाचा एक तास गेला. दोनदा असे झाले की तो माणूस मोटारसायकल घेतो आणि मग गाड्या रिकाम्या धावतात म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. यावर रूळ लागत नाहीत, सिमेंट लागत नाही. उरणच्या गाड्या दर तासाला त्याच मिनिटांना सुटाव्यात, ठाण्याची आणि पनवेलची गाडी त्याच्या पाच-सात मिनिटे आधी यावी, आणि जोडगाडी उशिरात असेल तर उरणच्या गाडीने पाच मिनिटे थांबावे, असा लेखी नियम करावा. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे आणि त्याच्या जवळचे तरघर याच मार्गावर आहे. हातात बॅग घेऊन माणूस तासाभराने येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसणार नाही.

दिवा–वसई मार्गाची कथा अशीच, फक्त तिथे आड येतात मालगाड्या. भिवंडीसारखे यंत्रमाग आणि गोदामांचे शहर त्या मार्गावर असून त्याच्या वाट्याला दिवसातून मोजक्या मेमू गाड्या. समर्पित मालवाहू मार्ग उरणच्या बंदरापर्यंत पूर्ण झाला की या रुळांवरचा मालाचा भार हलका होईल. तेव्हा मोकळी झालेली वेळ उपनगरी गाड्यांना मिळाली पाहिजे, आणि तसे आजच लिहून घेतले पाहिजे.

आता तिकीट. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आले. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि मीरा-भाईंदरच्या बस अशा अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी मिळू लागली. सोय झाली हे खरे. पण भाडे एक झालेले नाही. प्रत्येक वाहनात चढताना किमान भाडे नव्याने द्यावे लागते. बस दहा, मेट्रो दहा, पुढे पुन्हा बस दहा; अंतर जेमतेम आठ किलोमीटर आणि तीनदा किमान भाडे. थेट रिक्षाने जाणाऱ्याला सवलत आणि गाडी बदलणाऱ्याला दंड, असा याचा अर्थ होतो.

शिवाय इथला नोकरदार रोज तिकीट काढतच नाही, तो पास काढतो. एकत्रीकरणाची सुरुवात पासापासून झाली तरच ती लोकांपर्यंत पोचेल. रेल्वेने हे स्वतःच्या घरात कधीच साधले आहे: डोंबिवली ते घणसोली, ठाण्याला गाडी बदलून, एकच पास. त्याच पासावर ठरावीक रक्कम जास्त भरून दोन्ही टोकांना मेट्रो आणि पालिकेची बस चालावी. उत्पन्नाची वाटणी फेऱ्यांच्या नोंदीवरून करता येते, कारण मेट्रोच्या दारावर आणि बसच्या मशीनवर प्रत्येक चढणाऱ्याची नोंद होतेच. अडचण आहे लोकलची, तिथे दारे नाहीत. तिच्या वाट्यासाठी वर्षातून दोनदा स्थानकांवर गणती करावी लागेल. पहिली दोन-तीन वर्षे कोणाचे तरी उत्पन्न घटेल. पालिकांच्या परिवहन सेवा आधीच अनुदानावर चालतात, त्यांना ती तूट सोसणार नाही. ती राज्याने भरून द्यायची. हॅम्बुर्गमध्ये भाडे एकत्र करण्यासाठी वाहतूक संस्थांचा संघ १९६५ मध्ये स्थापन झाला, तेव्हा संगणकीय तिकीटही नव्हते.

हे सगळे करणार कोण? लोकल रेल्वे मंत्रालयाची. नवे रेल्वे प्रकल्प राबवणाऱ्या एमआरव्हीसीत केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९. बहुतेक मेट्रो एमएमआरडीएच्या, वर्तुळाकार मेट्रो महामेट्रोची, नवी मुंबईची सिडकोची, बस पालिकांच्या. या सगळ्यांवर एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण म्हणून २००८ मध्ये एक मंडळ नेमले गेले, पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. तमिळनाडूने २०१० मध्ये चेन्नईसाठी, केरळने २०१९ मध्ये आणि कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूसाठी असा कायदा केला. कायदा होऊनही चेन्नईत प्रत्यक्ष काम सुरू व्हायला बरीच वर्षे गेली, म्हणून नुसत्या कायद्याने भागते असे मी म्हणत नाही. बैठका घेऊन समन्वय साधणारे आणखी एक मंडळ नको आहे. त्याच्या हाती तीन गोष्टी हव्यात: कोणत्याही नव्या मार्गाचा आराखडा सांधे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ न देण्याचा अधिकार, भाड्याची वाटणी ठरवण्याचा अधिकार, आणि जिने-पूल-जोडमार्ग यांसाठी स्वतःचा निधी. रेल्वेवर राज्याचा कायदा चालत नाही हे खरे. पण राज्य एमयूटीपीच्या खर्चात भागीदार आहे, आणि पैसे देताना अटी घालता येतात.

तसा कायदा होईपर्यंतही ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना हात बांधून बसायचे कारण नाही. मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खोदायचा, जिना पदपथावर उतरवायचा, जागा हस्तांतरित करायची, तर महापालिकेची परवानगी लागते. त्या परवानगीत रेल्वे स्थानकापर्यंतचा जोडमार्ग ही अट लिहिता येते. कळव्याच्या कुटुंबांसाठी तयार घरे किती आणि कुठे आहेत याची यादी महिन्याभरात प्रसिद्ध करता येते. आणि नेरुळला उरणची गाडी पाच मिनिटे थांबावी एवढे मागण्यासाठी तर रेल्वेचे पुढचे वेळापत्रक छापले जाण्याआधी लिहिलेले एक पत्र पुरते.